कार्ट्रिजचं कुळ कसं ओळखायचं?

कोनामी कंपनीचा ‘अकुमाजो देन्सेत्सु’ हा खेळ १९८९मध्ये जपानमध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर आला. याच कंपनीच्या ‘मादारा’ या खेळाच्या कार्ट्रिजमध्येही, म्हणजे यंत्रात खोचायच्या डबीतही, तीच चिप आहे, व्हीआरसी६. फरक फक्त वायरिंगचा. प्रोसेसरकडून चिपकडे येणाऱ्या पत्त्याच्या, म्हणजे कुठली जागा हवी ते सांगणाऱ्या, दोन तारा एका बोर्डावर सरळ जोडल्या आहेत, तर दुसऱ्यावर उलटसुलट.

एवढ्याशा फरकाने काय होतं ते बघण्यासारखं आहे. या चिपमध्ये आवाज काढायची जास्तीची सोय आहे. सुराची उंची तिला दोन बाइटांत कळवावी लागते. एका बाइटात उंचीचे खालचे बिट असतात, तर दुसऱ्यात वरचे बिट आणि तो सूर चालू-बंद करणारा बिट. तारा उलट झाल्या की या दोन बाइटांची अदलाबदल होते. मग सूर भलताच लागतो किंवा लागतच नाही. चित्रांचे तुकडेही चुकीच्या जागी येऊन बसतात. म्हणून संगणकावर जुने खेळ चालवणाऱ्या इम्युलेटरला हे दोन बोर्ड वेगळे आहेत हे सांगावंच लागतं. त्यांचे क्रमांकही वेगळे आहेत, पहिल्याचा २४ आणि दुसऱ्याचा २६.

हे क्रमांक आले कुठून हे समजायला थोडं मागे जावं लागेल. फॅमिकॉम १९८३चा. त्याच्या प्रोसेसरला पत्त्याच्या १६ तारा, म्हणजे एकूण ६५,५३६ पत्ते. कार्ट्रिजमधल्या प्रोग्रॅमच्या वाट्याला साधारणपणे त्यातला वरचा अर्धा भाग येतो, ३२ किलोबाइट. चित्रांसाठी वेगळे ८ किलोबाइट. १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या ४० किलोबाइटमध्ये अगदी काठोकाठ बसला. १९८८चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ मात्र ३८४ किलोबाइटचा आहे. यंत्र तेच, खिडकी तेवढीच, आणि दाखवायचं घर जवळजवळ दहापट मोठं!

यावर उपाय म्हणजे खिडकीमागचं दृश्य बदलत राहायचं. मोठ्या रॉमचे, म्हणजे खेळ साठवलेल्या आणि फक्त वाचता येणाऱ्या चिपचे, तुकडे पाडायचे आणि हवा तो तुकडा त्या वेळेपुरता खिडकीसमोर आणायचा. याला बँक स्विचिंग म्हणतात आणि ते घडवून आणणाऱ्या सर्किटला मॅपर. सगळ्यात साध्या मॅपरपैकी एक आहे यूएनरॉम. त्यात बाजारात सहज मिळणाऱ्या दोन साध्या लॉजिक चिप आहेत. १२८ किलोबाइटच्या रॉमचे १६ किलोबाइटचे आठ तुकडे, त्यातला शेवटचा कायम जागेवर, बाकीचे आलटून पालटून. तुकडा निवडण्यासाठी प्रोग्रॅम रॉमच्याच पत्त्यावर एक आकडा लिहितो. रॉमवर काही लिहिलं जात नाही हे खरं, पण वाटेत बसलेली लॉजिक चिप तो आकडा झेलून धरते.

इथे एक गंमत आहे आणि वर्गीकरण करणाऱ्यांना तिने बराच त्रास दिला आहे. प्रोसेसर लिहितो आहे की वाचतो आहे हे त्या रॉमला कळत नाही. पत्ता आला की ती आपला बाइट तारांवर ठेवते. त्याच क्षणी प्रोसेसरही आपला आकडा त्याच तारांवर ठेवत असतो. दोघांची ओढाताण होते आणि सहसा ज्या तारेवर कुणीतरी शून्य धरलं आहे तिथे शून्य जिंकतं. प्रोग्रॅमरनी यातून सुरेख वाट काढली. जो आकडा लिहायचा, तोच आकडा रॉममध्ये आधीपासून असलेल्या पत्त्यावर तो लिहायचा, म्हणजे भांडणाचं कारणच उरत नाही. पण काही बोर्डांवर ही ओढाताण होतच नाही आणि त्यांच्यासाठी लिहिलेले खेळ ती काळजी घेत नाहीत. मॅपर एकच आणि वागणं दोन तऱ्हांचं. याला एक कुळ म्हणायचं की दोन?

या प्रश्नाचं पहिलं सर्वमान्य झालेलं उत्तर घाईत दिलं गेलं. मरात फायझुलिन यांच्या आयनेस या इम्युलेटरने खेळाच्या फाइलच्या सुरुवातीला १६ बाइटांची पाटी लावण्याची पद्धत रूढ केली. पाटीत मॅपरसाठी आधी चार बिट होते, म्हणजे १६ क्रमांक. पुढे आठ बिट झाले, म्हणजे २५६. क्रमांक गरज पडेल तसे वाटले गेले, त्यामागे कोणतंही एकच सूत्र नव्हतं. म्हणून तर दोन तारांच्या अदलाबदलीसाठी व्हीआरसी६ला दोन क्रमांक मिळाले आणि निन्टेन्डोच्या एमएमसी३ व एमएमसी६ या दोन वेगळ्या मॅपर चिप एकाच ४ क्रमांकाखाली गेल्या. एमएमसी६च्या आत फक्त १ किलोबाइट मेमरी आहे, एमएमसी३सोबत बाहेर ८ किलोबाइट लावता येते आणि त्या मेमरीचं कुलूप उघडण्याची रीत दोघींची वेगळी.

कोनामीच्याच व्हीआरसी४ चिपची कथा तर उलट्या टोकाची. कंपनीने वेगवेगळ्या बोर्डांवर या चिपला पत्त्याच्या वेगवेगळ्या तारा जोडल्या. एका बोर्डावर चिपची चार रजिस्टरं, म्हणजे आकडे झेलणाऱ्या छोट्या जागा, ०, २, ४, ६ या पत्त्यांवर दिसतात, तर दुसऱ्यावर ०, ६४, १२८, १९२ वर. हे दोन्ही बोर्ड २१ या एकाच क्रमांकात आहेत. इम्युलेटर लिहिणाऱ्यांनी मग दोन्ही जोड्यांच्या तारांवर एकाच वेळी नजर ठेवली. कुठल्याही जोडीकडून हाक आली तरी ओ द्यायची. खेळ चालतात. पण असा बोर्ड जगात कधी बनलाच नाही आणि मला ते खटकतं. खेळ चालला म्हणजे यंत्र कळलं असं होत नाही.

पाटीवरचा मजकूर चुकीचा निघाला तर आणखी पंचाईत. जुन्या फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचा एकेक बाइट दाखवणाऱ्या साधनात, उघडल्या तर काहींच्या पाटीत आठव्या बाइटपासून शेवटपर्यंत ‘डिस्कड्यूड!’ असा इंग्रजीतला नऊ अक्षरी शब्द दिसतो. ती जागा तेव्हा मोकळी होती आणि एका साधनाने तिथे आपली सही ठोकून दिली. पुढे मॅपरचे वरचे चार बिट नेमके त्याच आठव्या बाइटात आले. तिथे बसलेल्या ‘डी’ अक्षराचा संकेतांक ६८, म्हणजे वरच्या चार बिटांत ४. परिणामी मॅपरच्या क्रमांकात ६४ची भर पडते आणि १ क्रमांकाचा खेळ ६५ क्रमांकाचा म्हणून उघडायला जातो. आता इम्युलेटर पाटीचे शेवटचे चार बाइट शून्य आहेत का हे तपासतात. नसतील तर त्या वरच्या चार बिटांवर विश्वास ठेवत नाहीत.

२००६पासून आकाराला आलेल्या एनईएस २.० या नव्या पद्धतीच्या पाटीत मॅपरसाठी बारा बिट आहेत आणि उपमॅपरसाठी चार. एमएमसी६ला ४ क्रमांकाखालीच आपलं उपकुळ मिळालं. ओढाताण होणाऱ्या आणि न होणाऱ्या बोर्डांनाही वेगळं नोंदवता आलं.

अटारी २६०० या दुसऱ्या जुन्या यंत्राच्या खेळांच्या फाइलला तर पाटीच नाही. त्याच्या कार्ट्रिजला फक्त ४ किलोबाइटची खिडकी आहे आणि जोडणीत ‘लिहितो आहे’ हे सांगणारी तारच नाही. त्यामुळे अनेक कार्ट्रिजांत ठरावीक पत्त्याला नुसता स्पर्श झाला की तुकडा बदलतो. ८ किलोबाइटच्या फाइलमध्ये ४ किलोबाइटचे दोन तुकडे असतील किंवा १ किलोबाइटचे आठ. आकारावरून कळत नाही. स्टेला हा इम्युलेटर म्हणून प्रोग्रॅममध्येच खुणा शोधतो, म्हणजे ठरावीक पत्त्यांना हात लावणाऱ्या आज्ञांचे बाइट.

निन्टेन्डोच्याच गेम बॉय या हातात धरायच्या यंत्राच्या रॉममध्ये तर निर्मात्यानेच कार्ट्रिजच्या प्रकाराचा बाइट ठेवला आहे. तरीही चकवा आहेच. एमबीसी१ चिपची काही कार्ट्रिज अनेक खेळ एकत्र भरलेली आहेत आणि त्यांचं वायरिंग वेगळं आहे, पण बाइट मात्र नेहमीच्या एमबीसी१चाच. ओळखायचं कसं? गेम बॉयच्या प्रत्येक खेळात निन्टेन्डोचा ४८ बाइटांचा लोगो असावाच लागतो. एक मेगाबाइटच्या फाइलमध्ये २५६ किलोबाइटच्या अंतराने तो पुन्हा पुन्हा सापडला, तर आत एकापेक्षा जास्त खेळ राहतात हे उघड आहे.

या सगळ्या युक्त्या फाइलवरून बोर्डाचा अंदाज बांधतात. खात्री करायची तर कार्ट्रिजचे स्क्रू काढावे लागतात. बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्यायचे, त्यावर छापलेला क्रमांक टिपायचा. चिपखालून जाणारी तांब्याची रेघ फोटोत दिसत नाही. तिथे मल्टिमीटर लागतो. एक टोक चिपच्या पायावर धरायचं, दुसरं टोक कार्ट्रिजच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांवरून एकेक करत फिरवायचं आणि ज्या पट्टीवर बीप वाजेल ती लिहून घ्यायची. मग पुढचा पाय.