गोधडी आणि गोष्टींची कार्यशाळा: ब्रिटनमधल्या मराठी महिला गटांनी लॉटरी निधीसाठी अर्ज कसा करावा

लग्न होऊन किंवा नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये आलेल्या बायका गोधडी शिवायला एकत्र बसल्या की माहेरच्या, प्रवासाच्या, इथल्या पहिल्या हिवाळ्याच्या गोष्टी निघतातच. मग कुणीतरी म्हणतं, हे सगळं नोंदवून ठेवायला हवं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे, म्हणजे इथल्या मराठी वस्तीला चांगलाच जुना इतिहास आहे. पण स्मरणिका आणि कार्यक्रमपत्रिका कपाटात राहतात. हातातली कला आणि तोंडच्या गोष्टी मात्र माणसाबरोबर जातात. त्या राखून ठेवण्यासाठी अनुदान मिळतं. अर्ज आपला आपण भरता येतो, त्यासाठी कुणाला पैसे मोजून तो लिहून घ्यायची गरज नाही.

नॅशनल लॉटरीच्या तिकीटविक्रीतला एक हिस्सा समाजोपयोगी कामांसाठी राखलेला असतो आणि तो वेगवेगळ्या सार्वजनिक संस्थांमार्फत वाटला जातो. आपल्या कामाच्या संस्था तीन.

कोणाकडे अर्ज करायचा

पहिली, नॅशनल लॉटरी कम्युनिटी फंड. त्यांची इंग्लंडसाठीची ‘अवॉर्ड्स फॉर ऑल’ ही योजना ३०० ते २०,००० पौंडांपर्यंत रक्कम देते आणि काम दोन वर्षांपर्यंत चालू शकतं. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत. तिथल्या गटांनी आपापल्या विभागाचं पान पाहावं. दुसरी, नॅशनल लॉटरी हेरिटेज फंड. ही सगळ्या ब्रिटनसाठी आहे, तिची छोटी अनुदानं १०,००० ते २,५०,००० पौंडांची असतात आणि कामाच्या केंद्रस्थानी वारसा असावा लागतो. तिसरी, आर्ट्स कौन्सिल इंग्लंड. तिच्या प्रोजेक्ट ग्रँट्स १,००० ते १,००,००० पौंडांच्या. तिथे एकटी कलाकारही अर्ज करू शकते, पण साधारण दहा टक्के रक्कम दुसरीकडून उभी करावी लागते.

गट नवा असेल तर माझा आग्रह ‘अवॉर्ड्स फॉर ऑल’चा. फॉर्म आटोपशीर आहे, आपला वाटा घालावा लागत नाही, आणि एक काम नीट पार पडलं की पुढच्या अर्जाला वजन येतं. गोष्टी ध्वनिमुद्रित करून, लिहून काढून कायम जतन करणं हाच मुख्य हेतू असेल तर हेरिटेज फंड. गोधडी हा वारसा कसा, असा संकोच अर्जात दिसू देऊ नका. अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या युनेस्को करारावर ब्रिटनने २०२४ मध्ये मान्यतेची मोहोर उठवली आहे, आणि हेरिटेज फंड मौखिक इतिहास, परंपरा, हस्तकौशल्य यांना इमारतींइतकाच वारसा मानतो. तिकडे महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. बायकांनी काम करता करता म्हटलेलं किती मोलाचं असतं, हे अर्जात सांगायला यापेक्षा चांगला दाखला नाही.

गट पात्र कधी ठरतो

व्यक्तीला ‘अवॉर्ड्स फॉर ऑल’ मिळत नाही, गटाला मिळतं. त्यासाठी नोंदणीकृत चॅरिटीच असावं लागतं असं नाही. लेखी घटना (म्हणजे गटाची नियमावली) असलेला साधा गटही चालतो. अट अशी की समितीवर एकमेकींशी नातं नसलेल्या किमान दोघी असाव्यात. नातं म्हणजे फक्त रक्ताचं नव्हे. नवरा-बायको, एकत्र राहणारे जोडीदार, एकाच पत्त्यावर राहणारी माणसं, सगळे त्यात आले. आपल्याकडे मंडळाची अध्यक्ष ताई आणि खजिनदार त्यांचे यजमान, हे सर्रास असतं. तिथेच अर्ज अडतो. अर्ज भरायला घेण्याआधीच समिती बदलून घ्या आणि बदलाचा ठराव इतिवृत्तात लिहा.

घटना दोन-तीन पानांची पुरते. त्यात गटाचं नाव आणि उद्देश, समिती कशी निवडायची, मिळकतीतला नफा कुणा सभासदाच्या खिशात जाणार नाही हे वाक्य, आणि गट बंद झाला तर उरलेले पैसे व वस्तू तशाच ना-नफा संस्थेला जातील हे वाक्य हवं. शेवटची दोन वाक्यं नसतील तर हेरिटेज फंड पुढे जाऊ देत नाही. खाली तारीख आणि अध्यक्षांची सही. उद्देशात ‘मराठी संस्कृतीचं संवर्धन’ एवढंच लिहून थांबू नका. ‘स्थलांतरित महिलांचं एकटेपण कमी करणं, त्यांची कौशल्यं आणि आठवणी जतन करणं’ असं कामाला धरून लिहा.

एक गोष्ट इथेच सांगते. इंग्लंड-वेल्समध्ये धर्मादाय उद्देशाच्या गटाचं वार्षिक उत्पन्न ५,००० पौंडांच्या वर गेलं की चॅरिटी कमिशनकडे नोंदणी करणं बंधनकारक होतं. मोठी रक्कम मागत असाल तर ही नोंदणी पुढे येणारच, तेव्हा तीन विश्वस्त कोण होणार ते आत्ताच ठरवा.

बँक खातं गटाच्या नावाचं लागतं. कुणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे येत नाहीत. पैसे काढायला नातं नसलेल्या दोघींची संमती लागेल अशी व्यवस्था हवी. नव्या गटाचं खातं उघडायला बँका वेळ लावतात, म्हणून सगळ्यांत आधी हे काम हातात घ्या.

व्हिसाची भीती

‘माझ्या व्हिसावर सार्वजनिक निधी वर्ज्य असं लिहिलंय, मग मी कार्यशाळेला आले तर चालेल का?’ ही शंका इतक्या जणींच्या मनात असते आणि इतक्या जणी ती न विचारताच घरी बसतात, म्हणून स्पष्ट लिहिते: चालेल. ते बंधन ठराविक सरकारी भत्ते आणि सरकारी घरकुलांच्या मदतीपुरतं आहे. गटाला मिळालेल्या अनुदानातून चाललेल्या कार्यशाळेत बसणं, तिथे चहा-नाश्ता घेणं, बसभाडं परत मिळणं हे त्या यादीत येत नाही.

शिकवणारीला मानधन देताना मात्र व्हिसा पाहावाच लागतो. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे डिपेंडंट व्हिसावर आलेली व्यक्ती काम करू शकते, स्वतंत्र व्यवसायही करू शकते. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलीला स्वयंरोजगाराला मनाई आहे, त्यामुळे बिल देऊन मानधन घेणं तिला जमणार नाही. स्किल्ड वर्कर व्हिसावर असलेलीनेही आपल्या व्हिसाच्या अटी आधी तपासून घ्याव्यात.

आणि सगळ्यांत नाजूक प्रसंग: गोधडी खरी येते ती मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आईला किंवा सासूबाईंना. जुन्या लुगड्याचे थर अंथरून, कडेपासून आत आत सरकत जाणारा धावदोरा त्यांच्या हातात बसलेला असतो, एकही खूण न करता ओळ सरळ जाते. त्या व्हिजिटर व्हिसावर असतात. त्या सहभागी म्हणून बिनधास्त येऊ शकतात. नोंदणीकृत चॅरिटीसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवाही करू शकतात. पण त्यांना मानधन देऊ नका, ‘भेट’ म्हणून पाकिटातूनही नाही. त्यात त्यांच्या पुढच्या व्हिसाचा प्रश्न आहे.

अर्जात काय लिहायचं

प्रश्न साधारण सारखेच असतात. काय करणार, कुणासाठी, त्यांना हे हवंय हे तुम्हाला कसं कळलं, त्यातून काय बदलेल. आपले गट पहिल्या प्रश्नाला पानभर लिहितात आणि तिसऱ्याला एक ओळ. पैसे तिसऱ्या उत्तरावर मिळतात.

‘समाजात गरज आहे’ हे उत्तर नव्हे. पंधरा-वीस जणींना चहाला बोलवा आणि विचारा: कोणता वार, कोणती वेळ, मुलांना कुठे ठेवाल, शिवायला आवडेल की फक्त ऐकायला, इंग्रजीत बोलायला अवघड वाटतं का. कोण काय म्हणालं ते नावांशिवाय टिपून ठेवा आणि अर्जात वापरा. ‘आम्ही शनिवार ठरवला होता, पण बहुतेकींनी शाळेच्या वेळेतला बुधवार मागितला म्हणून तो घेतला’ असं एक वाक्य पानभर प्रस्तावनेपेक्षा जास्त काम करतं.

गट फक्त मराठी बायकांचाच ठेवणार का, याचाही विचार करा. निधी देणारे सर्वसमावेशकता पाहतात हे खरं, पण त्याहून मोठं कारण कामातच आहे. पूर्व लंडनमध्ये बांगलादेशी बायकांकडे कांथा आहे. तीही जुन्या साड्यांच्या थरांवर धावदोऱ्याने भरलेली. दोघी शेजारी बसल्या तर भाषा न येताही काम सुरू होतं. असा संयुक्त गट केलात तर त्यांच्या संस्थेचं साथपत्र, म्हणजे पाठिंब्याचं पत्र, जोडा.

अंदाजपत्रक उघडपणे आणि पुरेसं मांडा. समजा दहा सत्रं, प्रत्येकी तीन तास, पंधरा जणी. हॉल तासाला २५ पौंड धरला तर ७५०. दोन शिकवणाऱ्या, सत्राला प्रत्येकी १५०, म्हणजे ३,०००. मुलं सांभाळायला दोघी, तासाला १५ प्रमाणे ९००. बसभाडं माणशी ५ धरून ७५०. कापड, दोरा, सुया ४००. ध्वनिमुद्रणं उतरवणं आणि भाषांतर १,२००. चहा-खाणं ३००. बेरीज ७,३००. मुलांचा आणि बसभाड्याचा खर्च लिहायला बायका लाजतात. लाजू नका, ज्या घराबाहेर पडूच शकत नाहीत त्या यामुळेच येतात. शिकवणारीलाही ‘घरचीच आहे’ म्हणून फुकट राबवू नका. आधीच झालेला खर्च किंवा धार्मिक विधी यात बसत नाहीत. हळदीकुंकवाच्या आठवणी सांगणं चालतं, हळदीकुंकवाचा खर्च मागता येत नाही.

कागदपत्रं म्हणून बहुतेक हे लागतं: सही-तारखेची घटना, गटाच्या खात्याचं गेल्या तीन महिन्यांतलं स्टेटमेंट, जुन्या गटाचे वार्षिक हिशेब, संपर्कासाठी दोन असंबंधित व्यक्तींची नावं, जन्मतारखा आणि घरचे पत्ते. हेरिटेज फंडाला याशिवाय कामाचा वेळापत्रकासह आराखडा आणि साथपत्रं. लहान मुलं किंवा अडचणीत असलेल्या व्यक्ती येणार असतील तर सेफगार्डिंगचं, म्हणजे त्यांच्या सुरक्षिततेचं, धोरण लेखी हवं. मुलं सांभाळणाऱ्यांची डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्ह्यांच्या जुन्या नोंदींची सरकारी पडताळणी, करून घ्या. स्वयंसेवकांना तिचं सरकारी शुल्क पडत नाही.

गोष्ट कुणाच्या मालकीची

या भागाकडे बहुतेक गट सगळ्यांत कमी लक्ष देतात, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. एखादी बाई सुईत दोरा ओवता ओवता आईच्या आठवणीने सुरुवात करते आणि बोलता बोलता सासरच्या जाचावर, मोडलेल्या संसारावर, कागदपत्रांच्या भीतीवर येते. ते बोलणं मैत्रिणींपुढे असतं. फोन रेकॉर्डिंगवर ठेवलेला असेल तर तेच बोलणं प्रकल्पाची ‘निष्पत्ती’ होतं.

कायद्याने बोललेल्या शब्दांचा कॉपीराइट बोलणारीचा असतो, रेकॉर्डिंगचा तुमच्या गटाचा. म्हणून दोघांमध्ये लेखी करार लागतो. त्यातच हेरिटेज फंडाची अट आहे: त्यांच्या पैशातून तयार झालेलं डिजिटल साहित्य सहसा सीसी बाय ४.० या खुल्या परवान्याखाली द्यावं लागतं. याचा अर्थ, श्रेय दिलं की जगातलं कुणीही ते वापरू शकतं, व्यापारासाठीसुद्धा. खासगी आणि संवेदनशील साहित्याला सूट मिळते, पण ती मागावी लागते. अर्जातच लिहा की कोणत्या मुलाखती खुल्या होतील आणि कोणत्या होणार नाहीत.

संमतीपत्र एका सहीचं ठेवू नका. आवाज मुद्रित करू का, खरं नाव वापरू का, फोटो लावू का, प्रदर्शनात उतारा घेऊ का, इंटरनेटवर ठेवू का, असे वेगळे प्रश्न आणि प्रत्येकापुढे हो-नाही. पत्र मराठीत वाचून दाखवा. उतरवलेला मजकूर तिला परत वाचायला द्या आणि काढून टाकायला किमान दोन आठवडे द्या. सही पहिल्या दिवशी घेतली असेल तरी शेवटी पुन्हा विचारा. पहिल्या दिवशी आपण काय बोलणार हे कुणालाच माहीत नसतं. व्हिसा, आश्रय, आजार, धर्म यांविषयीची माहिती उतरवलेल्या मजकुरात ठेवायची की नाही हे तिला विचारूनच ठरवा, आणि फाइली कुणा एकीच्या फोनवर न ठेवता पासवर्ड असलेल्या जागी ठेवा.

अर्ज दिल्यानंतर

हेरिटेज फंडाच्या छोट्या अनुदानांचा निर्णय पूर्ण अर्ज पोचल्यापासून आठ आठवड्यांत होतो. त्याआधी हवी असेल तर चौकशीची छोटी नोंद पाठवता येते. ती जरूर पाठवा, त्यावर मिळणारा सल्ला मोलाचा असतो. ‘अवॉर्ड्स फॉर ऑल’साठी पहिल्या सत्राच्या किमान चार महिने आधी अर्ज द्या. रकमा आणि मुदती बदलतात, म्हणून फॉर्म उघडाल त्या दिवशी संस्थेच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहा.

नकार आला तर कारण विचारा. बहुतेकदा उणीव गरजेच्या पुराव्यात किंवा अंदाजपत्रकात असते आणि ती भरून काढून पुन्हा अर्ज करता येतो. होकार आला तर हेरिटेज फंड एक लाख पौंडांपर्यंतच्या अनुदानात निम्मी रक्कम सुरुवातीला देतो, पुढची चाळीस टक्के निम्मा खर्च झाल्यावर आणि शेवटची दहा टक्के काम संपून अहवाल दिल्यावर. ती शेवटची दहा टक्के हाती येईपर्यंत शिकवणारीचं मानधन थकणार नाही, अशी तजवीज आधीच करा. प्रत्येक पावती ठेवा, बसच्या तिकिटाचीही. मुलाखती कायमच्या ठेवायला स्थानिक अभिलेखागाराशी कामाच्या सुरुवातीलाच बोला. कोणत्या स्वरूपाच्या फाइली ते घेतात हे आधी कळलं तर शेवटी सगळं पुन्हा रूपांतरित करत बसावं लागत नाही.