स्त्री अभ्यासात एम.ए.: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रांतला नावांचा घोळ

बी.एस्सी. किंवा बी.कॉम. झालेल्यांना स्त्री अभ्यासात एम.ए. करता येतं का? येतं. पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाची असली की शाखा कोणती, हे सहसा कुणी विचारत नाही, आणि त्यात उपकार काही नाहीत. विषयच एका शाखेत मावत नाही. शेतमजूर बाईची मजुरी अर्थशास्त्रात येते, वारसाहक्क कायद्यात, जात्यावरच्या ओव्या साहित्यात आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया कुणावर होते हा प्रश्न आरोग्यशास्त्रात. त्यामुळे नर्सिंग केलेली मुलगी आणि इतिहास केलेला मुलगा एकाच बाकावर बसलेले दिसतात. हो, मुलगासुद्धा, ‘स्त्री अभ्यास म्हणजे फक्त बायकांसाठी’ हा गैरसमज अजून पुरता गेलेला नाही.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. देशातलं या विषयाचं पहिलं विद्यापीठीय संशोधन केंद्र १९७४ साली मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठामध्ये नीरा देसाईंनी उभं केलं आणि पहिली राष्ट्रीय परिषदही १९८१ साली तिथेच भरली. पुण्याचं क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र १९८७चं. विद्युत भागवत आणि नंतर शर्मिला रेगे यांच्या काळात या केंद्राने मराठीतून वाचनसाहित्य तयार केलं. मराठी माध्यमातून आलेल्यांनी पुण्याचा विचार आधी करावा, असं मी सांगते ते त्यामुळेच.

पुण्याला अर्ज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ऑनलाइन प्रवेश प्रक्रियेतून करायचा. तिची जाहिरात उन्हाळ्यात येते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं, म्हणजे टिसचं, वेळापत्रक मात्र निराळं आहे. तिथे सीयूईटी-पीजी, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची देशपातळीवरची सामायिक परीक्षा, द्यावी लागते. तिचे फॉर्म डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास निघतात आणि परीक्षा मार्चमध्ये होते. निकाल लागल्यावर जूनमध्ये जागे होणाऱ्यांची टिस त्या वर्षापुरती हुकलेली असते. शेवटच्या वर्षाला असतानाच फॉर्म भरता येतो, तेव्हा थांबायचं कारण नाही. आणखी एक खाचखळगा: सीयूईटी दिली म्हणजे टिसचा अर्ज झाला असं नाही. टिसच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी लागते.

नोकरी किंवा लहान मूल सांभाळून शिकायचं असेल तर इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. तिथे ‘विमेन्स अँड जेंडर स्टडीज’मध्ये एम.ए. आहे. पदवी हवी, प्रवेश परीक्षा नाही. दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत पुरा करता येतो. जानेवारी आणि जुलै अशी वर्षातून दोनदा प्रवेशाची फेरी असते आणि मुंबई, पुणे, नागपूरला प्रादेशिक केंद्रं आहेत. मात्र मराठी माध्यम नाही. फॉर्मआधी दोन ओळखक्रमांक काढून ठेवावेत: एबीसी आयडी (शैक्षणिक श्रेयांकांच्या राष्ट्रीय खात्याचा क्रमांक) आणि दूरस्थ शिक्षणासाठीचा डेब आयडी.

इथूनच खरी कटकट सुरू होते, कारण एबीसी आयडी निघतो डिजिलॉकर या सरकारी कागदपत्रांच्या ॲपवरून आणि त्यात नाव उतरतं आधारवरचं. समजा, गुणपत्रिकेवर ‘जाधव सुनीता रमेश’ आहे, लग्नानंतर आधारवर ‘सुनीता संदीप मोरे’ झालंय, आणि बँकेच्या पासबुकात नुसतं ‘सुनीता मोरे’. पोर्टलच्या लेखी या तीन बाया. कुणाच्या नावाने बाईची ओळख ठरते, यावर अभ्यासक्रमात पुढे भरपूर वाचायचं असतंच. त्याचं प्रात्यक्षिक फॉर्म भरतानाच होऊन जातं.

पदवीच्या गुणपत्रिकेवर आहे तेच नाव फॉर्मवर लिहा, अक्षर न् अक्षर. पदवीची कागदपत्रं नव्या नावाने करून घ्यायच्या भानगडीत पडू नका, गरज नसते. जोडीला विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल केला असेल तर त्याची प्रत ठेवा. लग्न नोंदवलेलंच नसेल तर ते काम सर्वांत आधी, कारण राजपत्रासाठीही तोच पुरावा मागतात. लग्नानंतर नाव बदललंच नसेल तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नाही, आणि तुमचा हेवा वाटतो!

आरक्षणाच्या कागदांत याहून मोठी गफलत होते. विवाहित उमेदवाराचं जातीचं प्रमाणपत्र माहेरचंच, वडिलांच्या जातीवरून. ओबीसीचं नॉन-क्रिमीलेअर (सधन गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र) हेही आई-वडिलांच्या स्थितीवरूनच ठरतं. नवऱ्याचा पगार त्यात धरत नाहीत. कुणी नवऱ्याचा उत्पन्नाचा दाखला मागितला तर नियम दाखवा असं नम्रपणे म्हणावं. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे, आणि ती तपासताना आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न मोजत नाहीत. ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणाचं, मात्र नेमकं उलट आहे. मर्यादा तीच ८ लाख, पण कुटुंबात आई-वडील, १८ वर्षांखालची भावंडं, नवरा आणि १८ वर्षांखालची मुलं असे सगळे येतात, आणि पगार, शेती सगळंच धरतात. म्हणजे एकीकडे बाई माहेरची, दुसरीकडे दोन्ही घरची.

टिस आणि इग्नूसाठी ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात, चालू आर्थिक वर्षातलं लागतं. राज्याचा नमुना तिथे चालत नाही, आणि राज्याचं एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षणही तिथे लागू नाही. हे दाखले ‘आपले सरकार’ किंवा सेतू केंद्रातून निघतात. जात, उत्पन्न, रहिवास यांच्या प्रतिज्ञापत्राला राज्यात मुद्रांक शुल्क माफ आहे, साधा कागद पुरतो. सेतूबाहेरचा टेबलवाला पाचशेचा स्टॅम्प पुढे सरकवेल, तो घेऊ नका. ट्रान्स उमेदवारांना जिल्हाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र लागतं, त्याचा अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करतात.

बाकी कागद नेहमीचेच: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीची सगळी सत्रं, शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला, फोटो, सही. दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन (जुन्या विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र), आणि मध्ये वर्षं गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. मुलं वाढवण्यात दहा वर्षं गेली असतील तर तसंच लिहावं. लाजण्यासारखं त्यात काही नाही, आणि प्रवेशही अडत नाही.

फीबद्दल एक भ्रम काढून टाका. जुलै २०२४मध्ये राज्याने मुलींना जी पूर्ण फीमाफी दिली, ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. एम.ए. त्यात बसत नाही. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर अर्ज करायचा आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं, नाहीतर दुसऱ्या वर्षाची रक्कम बुडते.

पुढे नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, द्यायची असेल तर ‘विमेन स्टडीज’ हा त्यात स्वतंत्र विषय आहे. एम.ए.ला ५५ टक्के लागतात, आरक्षित गटांना (ईडब्ल्यूएस सोडून) ५०. नेटमधूनच मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीची वयोमर्यादा ३० वर्षं, पण स्त्रियांना ५ वर्षांची सवलत आहे. तिशी ओलांडली म्हणून फॉर्म न भरणाऱ्या बऱ्याच जणींना ती ठाऊकच नसते.