आरशात दिसलेली गाडी

३ मे १९८७. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातला टॅलाडेगाचा रेसट्रॅक. शर्यतीच्या जेमतेम वीस-बावीस फेऱ्या झाल्या होत्या. २६ वर्षांचा डेव्ही ॲलिसन ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने पळत होता. त्याच्या गाडीच्या मागच्या बंपरवर ठळक पिवळी पट्टी होती. नॅसकार म्हणजे अमेरिकेत स्टॉक कार नावाच्या गाड्यांच्या शर्यती भरवणारी संस्था; तिच्या शर्यतींत ही पट्टी म्हणजे नवख्याची खूण. मागून येणाऱ्याने लांबूनच ओळखावं, की पुढचा गडी अजून शिकतोय, जरा जपून. डेव्हीने आरशात पाहिलं, तेव्हा मागे एक गाडी जमीन सोडून वर उचलली गेली होती आणि पाठमोरी प्रेक्षकांच्या कुंपणाकडे निघाली होती. ती त्याच्या वडिलांची गाडी होती.

हा प्रसंग वाचल्यापासून माझ्या मनातून गेलेला नाही. त्यात बाप-लेकाची गोष्ट तर आहेच, पण त्या काही सेकंदांत भौतिकशास्त्र इतकं उघडं पडलं, की पुढच्या वर्षीपासून त्या खेळाचे नियमच बदलावे लागले. आणि ते पाहणारा मुलगा त्या वर्षी नेमकी एकच गोष्ट शिकत होता: हवेशी कसं वागायचं.

डेव्ही वाढला बर्मिंगहॅम शहराजवळच्या ह्यूईटाउन नावाच्या छोट्या गावात. वडील बॉबी आणि काका डॉनी हे दोघेही नामवंत रेसर. रेड फार्मर, नील बॉनेट अशा मित्रांसह त्यांच्या टोळक्याला ‘अलाबामा गँग’ म्हणत. असा वारसा असला म्हणजे गाडी आयती मिळेल असं वाटतं. पण शाळा पूर्ण केल्याशिवाय मदत नाही, ही बॉबींची अट होती. मग वडिलांच्या गॅरेजमध्ये दिवसभर काम आणि इतरांची सुट्टी झाल्यावर स्वतःच्या गाडीवर मेहनत. १९७९ साली बर्मिंगहॅमच्या लहान ट्रॅकवर पहिली शर्यत, १९८५ साली टॅलाडेगाला सर्वोच्च पातळीवर पदार्पण आणि तिथे दहावा क्रमांक. १९८७ मध्ये २८ नंबरच्या फोर्ड थंडरबर्डची जागा त्याला मिळाली, तेव्हा त्याचे हात ग्रीसने चांगलेच माखलेले होते. गाडी का बिनसतेय हे सांगता येणं ही रेसरची अर्धी विद्या, आणि ती गाडीखाली झोपूनच येते.

स्टॉक कार हे नाव थोडं फसवं आहे. पूर्वी खरोखरच दुकानातून आणलेल्या गाड्या पळवत. १९८७ पर्यंत बाहेरचा आकार तेवढा ओळखीच्या फोर्ड, ब्यूक, शेवरोलेचा उरला होता. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, पावणेसहा लिटरहून मोठं व्ही-८ इंजिन आणि एकच सीट. वजन दीड टनाहून जास्त. काचा लावून एसीत बसण्याचा प्रश्नच नाही. आतलं तापमान पन्नास अंशांच्याही वर जातं आणि तीन-चार तासांच्या शर्यतीत ड्रायव्हरच्या अंगातलं दोन-तीन किलो पाणी घामावाटे निघून जातं.

आता ट्रॅक. टॅलाडेगाची एक फेरी ४.२८ किलोमीटरची. वळणांवर रस्ता ३३ अंशांनी कललेला आहे. आपल्या घराचा जिना साधारण तेवढाच चढा असतो. जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’मध्ये मोटारसायकल भिंतीवर टिकते, ती ज्या कारणाने, त्याच कारणाने हा उतार बांधलेला आहे. गणित करून पाहू. वळणाची त्रिज्या सुमारे ३३५ मीटर आणि वेग ताशी ३२० किलोमीटर धरला, तर गाडीला आतल्या बाजूला वळवायला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २.४ पट बळ लागतं. सपाट रस्त्यावर हे सगळं टायरच्या घर्षणातून यायला हवं, आणि एवढी पकड त्या टायरांना जमणारी नाही. उतारामुळे त्यातला मोठा वाटा रस्ताच उचलतो. टायरांवर सुमारे दीड पटीचा भार उरतो. मात्र त्याची किंमत म्हणून गाडी आणि आतला माणूस रस्त्यावर दुपटीहून जास्त वजनाने दाबले जातात. साठ किलोचा माणूस वळणात एकशेतीस किलोचा होतो. हेल्मेटसह सहा किलोचं डोकं नऊ किलोच्या ओढीने उजव्या खांद्याकडे कलंडू पाहतं. दर फेरीला अठ्ठेचाळीस सेकंद, त्यातली जवळजवळ निम्मी वळणात. नवख्याची मान संध्याकाळपर्यंत काय म्हणत असेल, याचा अंदाज यावरून येतो.

मान सरावाने घट्ट होते. हवा मात्र लवकर शिकू देत नाही.

हायवेवर दुचाकी चालवताना शेजारून भरधाव ट्रक गेला की आधी धक्का बसतो आणि मग आपण त्याच्याकडे ओढले जातो. ट्रक हवा फाडत जातो, त्याच्या मागे कमी दाबाची पोकळी राहते. ताशी सव्वातीनशेच्या वेगाला हीच पोकळी फार मोलाची होते, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. वेग दुप्पट हवा असेल तर आठपट ताकद पाहिजे. म्हणून दुसऱ्या गाडीच्या पोकळीत शिरणं, म्हणजेच ड्राफ्टिंग, हे इंजिन बदलण्याइतकं उपयोगी. १९६० च्या डेटोना ५०० या नॅसकारच्या सर्वात मानाच्या शर्यतीत ज्युनिअर जॉन्सनने तुलनेने कमी वेगवान शेवरोले घेऊन याच युक्तीने जिंकून दाखवलं होतं.

यात एक सुंदर भाग आहे. मागच्याचा फायदा सहज कळतो, पण पुढच्याचाही फायदा होतो. एकट्या गाडीच्या शेपटीमागची पोकळी तिला मागे खेचत असते. दुसरी गाडी नाक लावून त्या पोकळीत आली की ही ओढ कमी होते. त्यामुळे दोन गाड्या मिळून एकटीपेक्षा वेगाने जातात. म्हणजे इथे प्रतिस्पर्धीच सोबतीही असतो, आणि सोबत विश्वासावर मिळते. पिवळी पट्टी इथेच आड येते. पट्टीवाल्याच्या मागे राहावं तर तो वळणात काय करेल सांगता येत नाही. त्याला मागे घ्यावं तर आणखी धोका: मागच्या गाडीचं नाक फार जवळ आलं की पुढच्या गाडीच्या शेपटीवरच्या स्पॉयलरवरून, म्हणजे गाडी दाबून धरणाऱ्या उभ्या पट्टीवरून, वाहणारी हवा बिघडते, मागच्या चाकांवरचा दाब उतरतो आणि न स्पर्श होताच पुढची गाडी गरकन फिरू शकते. रेसर याला गाडी ‘लूज’ होणं म्हणतात. उलट पुढची चाकं पकड सोडून गाडी सरळच भिंतीकडे चालू लागली, तर ती ‘टाइट’. हे कळतं ते सीटमधून, कमरेच्या मणक्यांतून, आणि डोळ्यांना दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

डेव्हीला हे इतरांहून लवकर कळत होतं. फेब्रुवारीत डेटोना ५०० च्या पात्रता फेरीत तो दुसरा आला; नवखा ड्रायव्हर त्या शर्यतीत पहिल्या रांगेतून सुटण्याची ती पहिलीच वेळ. शर्यतीत मात्र पिट स्टॉपनंतर, म्हणजे चाकं-इंधनासाठीच्या थांब्यानंतर, त्याच्या गाडीचं मागचं चाक निखळलं. बदललेलं चाक नीट आवळलं गेलं नव्हतं. एवढी मोठी संधी एका चाकाच्या नटांवर गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि मग मे महिन्यातलं टॅलाडेगा, घरापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर. पात्रता फेरीत बिल एलियटने ताशी २१२.८०९ मैल, म्हणजे जवळजवळ ३४२.५ किलोमीटर वेग गाठला. शर्यतीत ४९ वर्षांच्या बॉबींच्या ब्यूकच्या इंजिनातून तुकडे निखळले, उजवा मागचा टायर फाटला आणि गाडी फिरून पाठमोरी झाली.

दीड टनाची गाडी उडते कशी? कोकणात चक्रीवादळात घरांवरचे पत्रे उडतात, तेव्हा वारा केवळ खालून ढकलत नसतो. वरून वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि पत्रा वर ओढला जातो. आता वाऱ्याचा वेग ताशी ३३० धरा. त्या वेगाच्या हवेचा दाब चौरस मीटरला सुमारे ५०० किलो वजनाइतका भरतो. वरून पाहिलं तर अशा गाडीचं क्षेत्रफळ नऊ-दहा चौरस मीटर. म्हणजे एकूण साडेचार-पाच टनांचं बळ हवेकडे तयार आहे. त्यातला फक्त एक तृतीयांश भाग वरच्या दिशेला वळला, की गाडीचं वजन संपलं. सरळ जाताना तसं होत नाही, कारण नाक खाली झुकलेलं आणि स्पॉयलर शेपटीला दाबून ठेवणारा. गाडी उलटी फिरली की सगळा हिशेब उलटतो. आता मागची उंच बाजू वाऱ्याला सामोरी येते, तिच्याखाली हवा घुसते, आणि मागच्या काचेपासून टपापर्यंतची गोलाई विमानाच्या पंखासारखी वागू लागते. मोठी प्रवासी विमानं याहून कमी वेगाला धावपट्टी सोडतात.

गाडी कुंपणावर आदळली आणि जाळी लांबवर फाटत गेली. काही प्रेक्षक जखमी झाले. पोलादी दोर तुटले नाहीत म्हणून गाडी गर्दीत गेली नाही. ती गेली असती तर काय झालं असतं, हा विचारही करवत नाही. बॉबी सुखरूप बाहेर आले. कुंपण दुरुस्त करायला अडीच तासांहून जास्त वेळ शर्यत थांबली.

शर्यत पुन्हा सुरू झाली, तेव्हा त्याच ट्रॅकवर, त्याच वेगाने डेव्हीला पळायचं होतं. अंधार पडायला लागल्याने १८८ ऐवजी १७८ फेऱ्याच होणार होत्या. शेवटच्या दहा फेऱ्या उरल्या असताना त्याने डेल अर्नहार्टला मागे टाकलं, टेरी लाबाँटीला पोहोचू दिलं नाही, आणि जिंकला. १९८१ नंतर प्रथमच एखाद्या नवख्याने या पातळीवरची शर्यत जिंकली होती. महिना संपायच्या आत डोव्हरच्या एक मैलाच्या ट्रॅकवर त्याने दुसरीही जिंकली. टॅलाडेगाला हवा वाचावी लागते, डोव्हरला टायर आणि सस्पेन्शन. दोन्हीकडे जिंकणारा नवखा म्हणजे नुसता वेगाचा वेडा नव्हे, हे तेव्हा सगळ्यांना पटलं असणार.

ट्रॅकबाहेर मात्र वेगळाच पेच होता: गाड्या सावकाश कशा करायच्या? इंजिनाला पेट्रोलइतकीच, किंबहुना वजनाने सुमारे चौदापट हवा लागते. ५.८७ लिटरचं इंजिन मिनिटाला सात हजार फेरे घेत असेल तर ते सेकंदाला साधारण ३४० लिटर हवा ओढतं. पाण्याचे दोनशे लिटरचे पावणेदोन पिंप, दर सेकंदाला. त्याचा घसा आवळला की काम झालं. जुलैतल्या शर्यतींना आधी लहान कार्बुरेटर बसवले गेले, आणि त्यातली डेटोनाची शर्यत जिंकली बॉबींनी. १९८८ पासून टॅलाडेगा आणि डेटोनाला कार्बुरेटरखाली चार भोकांची एक पातळ धातूची पट्टी बसवणं सक्तीचं झालं. तिला रेस्ट्रिक्टर प्लेट म्हणतात. प्रत्येक भोक साधारण एक इंचाचं.

इथे तो घनाचा नियम पुन्हा भेटतो. ताकद एक तृतीयांशाने घटवली तरी वेग कागदावर आठव्या हिश्शानेच घटतो. प्रत्यक्षात डेटोनाच्या पात्रता फेरीतला सर्वोत्तम वेग १९८७ मध्ये ताशी ३३८.५ किलोमीटर होता, तो १९८८ मध्ये ३१२ झाला. गाड्या जमिनीवर राहायला तेवढं बरंच होतं. पण मला या उपायाबद्दल पूर्ण समाधान कधी वाटलं नाही. सगळ्यांची इंजिनं सारखीच गुदमरल्यावर कुणी कुणाच्या पुढे निसटेना. तीस-चाळीस गाड्या एकमेकींच्या पोकळीत अडकून झुंडीने फिरू लागल्या, आणि एकाची चूक वीस जणांना भोवू लागली. अशा सामूहिक अपघाताला तिथे ‘बिग वन’ असं नावच पडलं. दुखण्यावर अधिक नेमका इलाज १९९४ मध्ये आला: टपावर बिजागरीने बसवलेल्या दोन झडपा. सरळ जाताना त्या टपाशी चिकटून राहतात. गाडी उलटी फिरली की वरचा कमी दाबच त्यांना उघडतो, त्या हवेत आडव्या उभ्या राहतात आणि पंख बनू पाहणाऱ्या टपावरचा प्रवाह मोडून टाकतात. जे बळ गाडी उचलतं, त्याच बळाकडून गाडी खाली ठेवण्याचं काम करून घेतलं आहे. मोटर नाही, सेन्सर नाही. प्लेट २०१९ च्या डेटोना ५०० नंतर निवृत्त झाली; झडपा अजून आहेत.

डेव्हीने त्या वर्षी २९ पैकी २२ शर्यतींत भाग घेतला, दोन जिंकल्या, पाच वेळा पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, मिळवली आणि वर्षातला सर्वोत्तम नवखा ठरला. बंपरवरची पिवळी पट्टी निघाली.

१४ फेब्रुवारी १९८८, डेटोना ५००. प्लेट सक्तीची झाल्यानंतरची पहिली मोठी शर्यत. शेवटच्या फेरीत पुढे पन्नाशीचे बॉबी, मागे त्यांच्याच पोकळीत डेव्ही. या वेळी आरसा वडिलांच्या समोर होता आणि गाडी मुलाची दिसत होती. डेव्हीने बाहेर निघायचा प्रयत्न केला, पण एकटं पडताच हवेचा सगळा भार त्याच्यावर आला आणि गुदमरलेल्या इंजिनाकडे तो मोडण्याइतकी ताकद नव्हती. बॉबी पहिले, डेव्ही दुसरा. मध्ये जेमतेम दोन-तीन गाड्यांचं अंतर. चार महिन्यांनी पोकोनो इथल्या अपघातात बॉबींच्या डोक्याला भयंकर इजा झाली. ते वाचले, पण त्या इजेने त्यांच्या आठवणींचा मोठा तुकडा नेला. त्यात ती शर्यतही गेली. १९९३ मध्ये डेव्ही टॅलाडेगालाच हेलिकॉप्टरच्या अपघातात गेला, आणि त्यानंतरही तीस वर्षांहून अधिक काळ जगलेल्या बॉबींना मुलासोबतची ती शेवटची फेरी कधीच आठवली नाही.