दहावीचे कलेचे गुण: अर्ज डिसेंबरात, तयारी पाचवीत

डिसेंबर उजाडला की शाळेच्या ऑफिसच्या खिडकीशी एक ठरलेला संवाद व्हायचा. "सर, पोरीनं तबल्याच्या परीक्षा दिल्यात. दहावीला त्याचे मार्क मिळत्यात म्हणं. काय करायचं?" कारकुनीतली बरीच वर्षं मी हे प्रस्ताव भरले. माझा उलटा प्रश्न एकच असायचा: किती परीक्षा झाल्या, आणि कुठल्या संस्थेच्या? निम्मं काम त्या उत्तरावरच ठरायचं. कला अंगात असून केवळ कागदापायी गुण गेलेली मुलं मी इतकी पाहिली, की ही माहिती पाचवी-सहावीतल्या पालकांपर्यंत पोचावी असं फार वाटतं. दहावीत वाचली तर तिचा उपयोग अर्धाच.

सवलत कुणाला, ते आधी बघू. राज्य मंडळाच्या दहावीला बसणाऱ्या विद्यार्थ्याला शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, चित्रकला किंवा लोककला यातल्या कामगिरीबद्दल अतिरिक्त गुण मिळतात. सीबीएसईच्या मुलांना ही योजना लागू नाही. बारावीलाही नाही. खेळाचे गुण बारावीला असतात, त्यावरून बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. सांगली, सातारा आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळात येतात, त्यामुळे इथं सांगितलेली पद्धत कराड-वाईच्या पालकांनाही तशीच लागू पडते.

आता गुणांचा हिशोब. शास्त्रीय गायन, वादन किंवा नृत्याच्या तीन परीक्षा उत्तीर्ण असतील तर १० गुण, पाच उत्तीर्ण असतील तर १५. चित्रकलेत इंटरमिजिएट परीक्षेला ए श्रेणी असेल तर ७, बी असेल तर ५, सी असेल तर ३. लोककलेत २५ प्रयोगांना ५ आणि ५० प्रयोगांना १०. पूर्वी हे गुण यापेक्षा जास्त होते, पुढं कमी केले. तरीही कमी समजू नका. दहावीची टक्केवारी पाच विषयांच्या ५०० गुणांवर निघते, म्हणजे १५ गुण हे सरळ तीन टक्के झाले. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात एकाच ऑनलाइन पद्धतीनं होतात. सांगलीतल्या नावाजलेल्या कॉलेजच्या कट-ऑफजवळ अर्ध्या टक्क्यात किती नावं असतात, ते एकदा गुणवत्ता यादी समोर धरून मोजा.

संगीताच्या बाबतीत आपण सांगलीकर नशीबवान. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय मिरजेतच आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि त्यांच्या शिष्यांनी पुढं हे मंडळ उभं केलं. ज्या गावात सतारमेकर गल्लीतून जाताना भोपळे वाळत घातलेले दिसतात, तिथल्या मुलाचे तबल्याचे गुण कागदाअभावी जावेत याचं मला दरवेळी वाईट वाटायचं.

गांधर्व मंडळाच्या परीक्षांची शिडी अशी: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, त्यापुढं विशारद. तिसरी पायरी प्रवेशिका पूर्ण, पाचवी मध्यमा पूर्ण. वर्षातून दोन सत्रं असतात, एक एप्रिल-मेच्या सुमाराला आणि दुसरं नोव्हेंबर-डिसेंबरला. इथं बोटांवर मोजायला लागतं. वर्षाला एक परीक्षा धरली आणि पाचवीत प्रारंभिक दिली, तर नववीत मध्यमा पूर्ण होते, दहावीचं वर्ष मोकळं राहतं. सहावीत सुरुवात केली तर पाचवी परीक्षा दहावीच्या वर्षात येते. ती नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात दिली तर निकाल हातात यायच्या आत बोर्डाची तारीख निघून जायची भीती, आणि प्रमाणपत्राशिवाय प्रस्ताव पुढं सरकत नाही. अशा वेळी तीन परीक्षांचे १० गुण तरी पदरात पाडून घ्यावेत. काही पालक "पुढच्या परीक्षेचा निकाल येऊ दे, मग एकदमच भरू" म्हणत थांबतात आणि दोन्हीकडून जातात.

क्लास लावताना आणखी एक गोष्ट विचारा, आणि ती न लाजता विचारा: इथून कुठल्या संस्थेची परीक्षा देता? संगीत-नृत्याच्या परीक्षा घेणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत, पण गुण मिळतात ते शासनाच्या यादीतल्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर. एका मुलीनं कथ्थकच्या चार परीक्षा दिल्या होत्या. प्रमाणपत्रं सोनेरी कडेची, लॅमिनेशन केलेली, पण संस्था यादीत नव्हती. तिच्या आईला ते सांगताना मला खाली बघावं लागलं. क्लासवाल्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही, एवढंच.

चित्रकलेचं गणित सोपं आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन शासकीय रेखाकला परीक्षा. आधी एलिमेंटरी, ती उत्तीर्ण झाल्यावर इंटरमिजिएट, आणि गुण धरले जातात ते इंटरमिजिएटच्या श्रेणीचे. नाव शाळेतून, कलाशिक्षकांमार्फत नोंदवायचं. आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट ही आपल्याकडची चाल आहे, तीच धरावी. आठवीत हुकलं तर नववी-दहावीत दोन्ही करता येतात, पण मग दहावीत निकालाची वाट बघत बसायचं. चित्र चांगलं काढणारी मुलं इथं एका ठिकाणी हमखास घसरतात. स्मरणचित्र, संकल्पचित्र झकास होतं, पण भूमिती आणि अक्षरलेखनाच्या पेपरची तयारी कुणी करत नाही. ए श्रेणी तिथं अडते. कंपास, टोकदार पेन्सिल आणि महिनाभर रोज अर्धा तास, एवढंच त्याला लागतं.

लोककलेचा भाग मात्र किचकट, आणि माझ्या मते आपल्या जिल्ह्यावर थोडा अन्याय करणारा. सांगली जिल्हा म्हणजे तमाशातल्या काळू-बाळूंचं कवलापूर, अण्णाभाऊ साठ्यांचं वाटेगाव, जत-आटपाडीकडचं धनगरी गजीनृत्य. जत्रेत ढोलाच्या तालावर रुमाल उडवत दोन-दोन तास नाचणारी पोरं आठवी-नववीतलीच असतात. पण गावच्या मंडळाबरोबर पोरगा शंभर वेळा नाचला तरी ते प्रयोग धरले जात नाहीत. प्रयोगांचं प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संस्थेचंच लागतं. म्हणून शाहिरी, भारूड, गोंधळ, लेझीम किंवा गजीनृत्य करणाऱ्या मुलाच्या पालकांनी सातवी-आठवीतच अशी संस्था गाठावी, मुलाचं नाव तिच्याकडं नोंदवावं आणि एक वही घालावी. तारीख, गाव, कार्यक्रम, आयोजकाची सही. एका मुलाची अशी वही मला अजून आठवते. प्रत्येक पानावर हळदीचे पिवळे डाग, एका सहीपुढं कुणीतरी "पोरगं लय भारी" असं लिहिलेलं. त्या शेऱ्याला बोर्डात किंमत नव्हती, पण वहीवरून संस्थेनं प्रमाणपत्र बिनचूक दिलं. पन्नास प्रयोग आयत्या वेळी आठवून लिहिता येत नाहीत.

अर्जाचं म्हणाल तर बोर्डाकडं पालकानं परस्पर अर्ज करायचा नसतो. प्रस्ताव शाळाच पाठवते. कोल्हापूरला एसटीनं जाऊन खिडकीवर उभं राहिलात तरी "शाळेमार्फत या" एवढंच उत्तर मिळेल. विद्यार्थ्यानं विहित नमुन्यातला अर्ज शाळेत द्यायचा. सोबत सगळ्या परीक्षांच्या प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स, मुख्याध्यापकांनी साक्षांकित केलेल्या. सगळ्या म्हणजे सगळ्या. फक्त शेवटच्या परीक्षेचं प्रमाणपत्र लावून "खालच्या झाल्याच असणार की" असं म्हणून चालत नाही, कारण गुण परीक्षांच्या संख्येवर आहेत. मूळ प्रती पडताळणीला दाखवायच्या आणि परत घेऊन यायच्या, ऑफिसात ठेवायच्या नाहीत. बोर्डाची छाननी फी शाळेतच भरायची. त्यानंतर मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानं प्रस्ताव विभागीय मंडळाकडं जातो. तारखा दरवर्षी परिपत्रकानं येतात, साधारण डिसेंबर-जानेवारीत. मुदतवाढ बऱ्याचदा मिळते, पण तिच्या भरवशावर राहू नका.

सगळ्यात जास्त प्रस्ताव अडतात ते नावावरून. शाळेच्या जनरल रजिस्टरला विद्यार्थ्याचं पूर्ण नाव असतं, दहावीचा फॉर्म त्यावरूनच भरला जातो. क्लासच्या फॉर्मवर मात्र घाईत घरातलं नाव, वडिलांचं नाव गाळून, आडनावाचं स्पेलिंग वेगळं. "कुलकर्णी" इंग्रजीत तीन तऱ्हेनं लिहिलेलं मी एकाच मुलाच्या तीन प्रमाणपत्रांवर पाहिलंय. म्हणून पहिल्याच परीक्षेच्या फॉर्मला शाळेच्या दाखल्यावरचं नाव अक्षर न अक्षर उतरवून घ्या. चूक झालीच असेल तर परीक्षा केंद्रामार्फत दुरुस्तीचा अर्ज करा, आणि तो नववीतच करा. दुरुस्त प्रमाणपत्र यायला वेळ लागतो आणि बोर्डाची तारीख त्याच्यासाठी थांबत नाही. माझ्या स्वतःच्या पुतण्याचं इंटरमिजिएटचं प्रमाणपत्र जन्मतारखेच्या घोळात अडकलं होतं. मी ऑफिसातला माणूस असूनही ते वेळेत सुटलं नाही, बी श्रेणीचे पाच गुण गेले. त्यावरून घरात अजून टोमणे असतात.

अर्ज दिला की पोच मागा. शाळेनं प्रस्ताव पाठवल्यावर जावक क्रमांक आणि तारीख वहीत लिहून घ्या. शाळेत तेव्हा पूर्वपरीक्षा, तोंडी, हॉलतिकिटं सगळं एकदम चालू असतं, एखादं पाकीट टेबलावर राहून जाऊ शकतं. कारकुनाला आठवडाभरानं एकदा विचारलं तर तो चिडणार नाही. चिडला तरी विचारा.

निकालाच्या दिवशी ऑनलाइन गुणपत्रिकेत अतिरिक्त गुण दिसतात का ते आधी बघा. दिसत नसतील तर पोच, जावक क्रमांक आणि प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स घेऊन त्याच दिवशी शाळेत जा. शाळेनं लेखी कळवल्यावर विभागीय मंडळ तपासून बघतं. आणि अकरावीच्या फॉर्ममध्ये गुण भरताना हे दुरुस्तीचं काम अर्धवट असेल, तर गुणपत्रिकेवर आहेत तेवढेच गुण भरा, मनानं वाढवून भरू नका.