कापडी तोरण, पुठ्ठ्याचे मखर, कागदी आकाशकंदील : माप, सामान आणि काळजी

पोळ्यापासून दिवाळीपर्यंत घरच्या सजावटीचे सामान आमच्या दुकानातून नेणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे. हाताला वळण नसले तरी या वस्तू जमतात. त्या बिघडतात बहुधा हवेमुळे. भाद्रपदात हवा दमट असते, दिवाळीच्या सुमारास पहाटे दव पडते आणि एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात पारा 45 अंशांच्या आसपास फिरतो. म्हणून कोणता कागद, कोणते कापड, कोणते चिकट हे महिना बघून ठरवा.

कापडी तोरण

पुढचे माप 100 सेंटीमीटर रुंदीच्या दाराचे आहे. वरची पट्टी 8 सेंटीमीटर उंच आणि तिच्याखाली आंब्याच्या पानाच्या आकाराची 9 पाने, प्रत्येक पान 11 सेंटीमीटर रुंद आणि 16 सेंटीमीटर लांब. 44 इंच पन्ह्याचे सुती कापड पाऊण मीटर पुरते. पट्टीसाठी 102 बाय 18 सेंटीमीटरचा एक तुकडा कापा. पानांसाठी 13 बाय 18 सेंटीमीटरचे 18 तुकडे लागतात, कारण पान दुहेरी असते. यात चारी बाजूंनी एक-एक सेंटीमीटर शिलाई धरलेली आहे. पट्टीत घालायला 100 बाय 8 चे बकरम, म्हणजे ताठ अस्तर, लागेल. बकरम नसेल तर तोरण दोन खिळ्यांच्या मधे झोळीसारखे लोंबते.

कापण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा आणि इस्त्री करा. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. न भिजवता शिवलेले तोरण धुतले की कापड आटते, बकरम तेवढे आटत नाही आणि पट्टीवर कायमच्या चुण्या पडतात. लाल, मरून आणि गडद निळ्या कापडाचा रंग आधी तपासा. ओला पांढरा कपडा त्यावर जोरात घासा. डाग उतरला तर ते कापड पांढऱ्याशेजारी लावू नका.

जुन्या लुगड्याचे किंवा साडीचे तोरण करायचे असेल तर कापड उजेडासमोर धरून पाहा. बसण्याच्या जागेचा भाग विरलेला असतो. तिथे दोन्ही हातांनी ताण दिला की धागे सरकतात. तो भाग सोडा, पदराजवळचा घ्या. काठ चांगला असेल तर पट्टीवर लावावा, फार शोभतो. मात्र जरीचा काठ कृत्रिम धाग्याचा असू शकतो, म्हणून गरम इस्त्री आधी त्याच्या एका टोकाला टेकवून बघा.

पानाचे दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून जोडा. वरची बाजू उघडी ठेवा. टोकाशी सुई कापडातच ठेवून मशीनचा दाब उचला, कापड वळवा आणि पुढे शिवा. उलटवण्याआधी टोकाचे जादा कापड शिलाईपासून 2 मिलिमीटर अंतर ठेवून छाटा आणि गोलाईवर बारीक काप द्या. टोक बोथट आणि गाठाळलेले दिसते ते हेच राहून गेल्यामुळे. मग पाने ओळीने पट्टीत खोवून शिवा. मागे 5 नाड्या लावा, दोनच लावल्या तर सगळे वजन कोपऱ्यांवर येते.

कापडातून पानांचे 24 तुकडे निघतात, म्हणजे 6 उरतात. त्यातले दोन जोडले की तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे मुलांच्या पोळ्याच्या, लहान लाकडी नंदीची झूल होते. आधी नंदीच्या पाठीवर सुतळी टाकून माप घ्या.

पुठ्ठ्याचे मखर

सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. खोक्याचा पुठ्ठा ते काम चांगले करतो. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्या राहतील असा तो कापा. आडव्या राहिल्या तर खांब महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांतच कंबरेत वाकतो. घडी घालायची तिथे न लिहिणारे बॉलपेन दाबून रेघ ओढा, मगच मोडा. पुठ्ठ्यावर एकाच बाजूने कागद चिकटवला तर वाळताना तो त्या बाजूला ओढला जातो आणि पुठ्ठा वाकतो. मागे जुना पेपर लावला की दोन्हीकडचा ताण सारखा होतो.

छुईने (पांढऱ्या मातीने) किंवा चुन्याने पोतलेल्या भिंतीवर चिकटपट्टी टिकत नाही. ती भिंतीची भुकटी घेऊन सुटते. सजावट चौकटीला खिळ्यावर टांगा किंवा कवेलूखालच्या (कौलांखालच्या) फाट्याला दोरी बांधून सोडा.

क्रेप कागदाची फुले करताना कागदाच्या सुरकुत्या पाकळीत उभ्या ठेवा, मगच पाकळीला मधे ताणून वाटीचा आकार देता येतो. ही फुले भाद्रपदात दाराबाहेर लावू नका, कागद पाणी ओढतो आणि रंग भिंतीवर उतरतो.

आकाशकंदील

याला दोन गोष्टी लागतात : वाळलेला बांबू आणि अचूक कापलेल्या कामड्या. बुरडाकडून कामड्या घेताना दोन गाठींमधल्या पेरातल्याच मागा. गाठीवर कामडी वाकडी जाते. प्रत्येकी 24 सेंटीमीटर लांब, 3 ते 4 मिलिमीटर जाड, अशा 24 कामड्या. ओल्या बांबूच्या असतील तर आठ-दहा दिवस सावलीत वाळू द्या. ओली कामडी वाळताना बारीक होते आणि बांधलेली गाठ ढिली पडते.

चार-चार कामड्यांचे 6 चौकोन बांधा. टोके एकमेकांवर अर्धा सेंटीमीटर येऊ द्या, म्हणजे गाठीपासून गाठीपर्यंत 23 सेंटीमीटर भरतील. गोधडीचा सुती दोरा वापरा, नायलॉनचा दोरा कामडीवर घसरतो. गाठीवर पांढऱ्या गोंदाचा थेंब टाका. आता प्रत्येक चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही साडेबत्तीस सेंटीमीटर आले पाहिजेत. एक जास्त, एक कमी आला तर गोंद ओला आहे तोवरच चौकोन दाबून सरळ करा. कंदील तिरका होण्याचे कारण जवळजवळ नेहमी इथेच असते आणि कागद लावल्यावर ते दुरुस्त होत नाही.

चार चौकोन टोकावर उभे करून आडव्या कोपऱ्यांनी एकमेकांना बांधा आणि कडे पूर्ण करा. वरची चार टोके पाचव्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना, खालची चार सहाव्याला. मधे आपोआप 8 त्रिकोण तयार होतात. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवा, त्यातून गरम हवा निघून जाते.

पतंगी कागदाचे 20 बाय 30 इंचाचे दोन ताव लागतात. पांढऱ्या तावातून 25 सेंटीमीटरचे 6 चौकोन निघतात. चार कंदिलाला, उरलेल्या दोनांच्या 2 सेंटीमीटर रुंद झिरमिळ्या. रंगीत तावाच्या लांबीत 23 सेंटीमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या आखा आणि प्रत्येकीत साडेसव्वीस सेंटीमीटर बाजूचे 4 त्रिकोण एक सुलट, एक उलट असे बसवा. नेमके 8 होतात. कडेला चार-पाच सेंटीमीटरची लांब पट्टी उरते, तिच्या चार शेपट्या करा.

चिकटवायला मैद्याची खळ सगळ्यात बरी. दोन मोठे चमचे मैदा एक वाटी थंड पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवा, मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवा, पाव चमचा तुरटीची पूड घाला. काहीजण कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विषारी आहे, लहान मुले असलेल्या घरात नको. खळ कामडीला लावा, कागदाला लावू नका. भिजलेला पतंगी कागद हातातच फाटतो.

आधी पांढरे चौकोन लावा. खळ पूर्ण वाळली की त्यांच्यावर पाण्याचा अगदी बारीक शिडकावा करा. वाळताना पतंगी कागद आकसतो आणि सुरकुत्या जाऊन ताठ बसतो. रंगीत त्रिकोण त्यानंतरच लावा आणि त्यांच्यावर पाणी उडवू नका. रंग सुटून पांढऱ्यावर ओघळतो.

दिवा 5 किंवा 7 वॅटचा एलईडी लावा. जुना 60 वॅटचा तारेचा बल्ब इतका तापतो की कागद करपतो, पेटूही शकतो. कंदिलाचा भार वायरवर देऊ नका, तो वेगळ्या दोरीवर टांगा. दव पडते त्या दिवसांत कंदील उघड्या अंगणात न ठेवता छपरीत टांगावा, नाहीतर सकाळी कागद ओला होऊन लोंबतो.

दिवाळीनंतर कंदील ठेवायचा असेल तर कागद उतरवून फक्त सांगाडा ठेवा. खळीवर कसर लागते, आणि जमिनीला टेकलेल्या पुठ्ठ्याला उधई. तोरण धुऊन, पूर्ण वाळवून सुती पिशवीत घाला, वर कडुनिंबाची वाळलेली पाने टाका. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि काळे ठिपके पडतात, ते धुऊनही जात नाहीत.

सामान घ्यायला येताना दाराच्या चौकटीचे बाहेरून बाहेर माप आणा. फीत नसेल तर सुतळी लावून तेवढीच तोडून आणली तरी चालेल. कापड, बकरम आणि कागद आम्ही त्यावरून हिशेब करून देतो.