जंजिरा (मुरूड)

रायगड जिल्ह्यातील मुरूडजवळचा जलदुर्ग. तो राजपुरी खाडीच्या मुखाशी खडकाळ बेटावर असून राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने तिथे जातात. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

‘जझीरा’ म्हणजे अरबीत बेट. त्याचेच मराठी रूप जंजिरा. हे मुळात विशेषनाम नव्हे. सिंधुदुर्गालाही ‘जंजिरे सिंधुदुर्ग’ म्हणत. पुढे हे नाव या एकाच किल्ल्याला चिकटले. दगडी किल्ल्याआधी बेटावर समुद्री चाच्यांच्या भीतीने कोळ्यांनी लाकडी मेढेकोट उभारला होता, ही परंपरा बहुतेक अभ्यासक मान्य करतात. निजामशाही सरदार पिरमखानाने व्यापाऱ्याच्या वेशात येऊन, पिंपांत माणसे लपवून तो घेतला, ही कथा साधारणपणे पंधराव्या शतकाच्या अखेरीची मानतात. मात्र कपटाने गड घेतल्याच्या अशा कथा अन्य किल्ल्यांविषयीही आढळतात, म्हणून तपशील दंतकथा समजणे अधिक योग्य. दगडी तटाचे काम सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू होऊन पुढेही बराच काळ चालले असावे. बुरुजांची संख्याही सर्वत्र सारखी मिळत नाही. १९ हा आकडा अधिक रूढ आहे. महाद्वारावरील हत्तींना दाबून धरणाऱ्या शरभाचा (सिंहासारख्या काल्पनिक पशूचा) अर्थ काहीजण इथे राज्य करणाऱ्या सिद्दींच्या पराक्रमाशी जोडतात. पण अशी शिल्पे दख्खनच्या इतर किल्ल्यांवरही असल्याने ते त्याच जुन्या परंपरेतले मानावे.

किल्ला ‘अजिंक्य’ म्हटला जातो आणि ते खरे आहे. शिवाजी महाराजांचे प्रयत्न, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये खाडीत भराव घालून वाट काढण्याचा केलेला उद्योग, कशालाही तो दाद देईना. १७३३ च्या मोहिमेत रायगड मराठ्यांकडे परत आला, सिद्दींचा बराच मुलूख गेला, तरी जंजिरा टिकला. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले.

पर्यटकांना बहुधा पाऊणएक तास मिळतो. तो कलालबांगडी तोफेजवळच्या फोटोत, तिचा पल्ला आणि राजपुरीपर्यंतचे भुयार यांविषयीच्या ऐकीव गोष्टींत निघून जातो. भुयाराला पुरावा नाही. ‘उगाच नाव झालेला किल्ला’ हा शेरा अशा धावत्या भेटीतून येतो, आणि किल्ल्यावर तो अन्याय आहे. होडी जवळ येईपर्यंत तट सलग दिसतो. अगदी लगत आल्यावर दोन बुरुजांच्या बेचक्यात दरवाजा उघडतो. हेलकावणाऱ्या होडीतून नावाड्याचा हात धरून शेवाळी पायरीवर पाय टाकताना हा किल्ला का पडला नाही ते कळते. आत, चारी बाजूंनी खारे पाणी असताना, गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. तेवढ्यासाठीही इथे यावे. मात्र गर्दीचा शनिवार-रविवार टाळून, सकाळच्या पहिल्या होडीने.

मुरूडच्या किनाऱ्यासमोर शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याला शह म्हणून बांधलेला पद्मदुर्ग आहे. तिथे लाटांनी दगड झिजून आत गेले आहेत, पण सांध्यांतला चुना अजून बाहेर उभा आहे. तिकडे जाणारे मात्र थोडे.