ओळंबा सुटलेला पब: 'क्रुकेड हाउस'ची पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरच्या हिमली गावाजवळचा 'क्रुकेड हाउस' ५ ऑगस्ट २०२३ च्या रात्री जळाला. ७ ऑगस्टला त्याच्या उरल्यासुरल्या भिंतीही पाडल्या गेल्या. पब विकला जाऊन महिनाही झाला नव्हता.

मूळ इमारत १७६५ ची. लाल विटांचं, दुमजली, साधं शेतघर. पुढे १८३० च्या सुमारास तिथे पब सुरू झाला. खाली कोळशाच्या खाणी असल्यामुळे जमीन खचत गेली आणि घराचं एक टोक दुसऱ्यापेक्षा सुमारे चार फूट खाली गेलं.

खरा निर्णय झाला तो १९४० च्या दशकात. इमारत धोकादायक ठरवून पाडायची असं चाललं होतं. एका बिअर कंपनीने ती घेतली, खचलेल्या बाजूला विटांचे भक्कम धिरे दिले आणि भिंती लोखंडाने बांधून घेतल्या. कलणं थांबवलं, पण कल तसाच ठेवला. आत सरळ टांगलेलं घड्याळ वाकडं वाटायचं आणि टेबलावर सोडलेली गोटी चढावर निघाल्यासारखी दिसायची. माझ्या मते या इमारतीचं स्थापत्यमूल्य १७६५ च्या विटांपेक्षा या दुरुस्तीत जास्त होतं. तरीही वारसा यादीत तिचं नाव नव्हतं. अर्ज तेवढा विचाराधीन होता.

आगीनंतर स्थानिक परिषदेने सुरक्षिततेसाठी वरच्या मजल्याचे काही भागच उतरवायला संमती दिली होती, असं तिचं म्हणणं. प्रत्यक्षात सगळंच पाडलं गेलं. पोलिसांनी आग लावली गेल्याच्या संशयाने तपास केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये परिषदेने नोटीस बजावली: पब आगीपूर्वी होता तसा तीन वर्षांत पुन्हा बांधा. मालकांनी तिला आव्हान दिलं.

यावर अनेकांचा आक्षेप असा, की जमिनीने दिलेला कल गवंड्याने दिला तर ती नक्कल होईल. मला हा आक्षेप पटत नाही. घर सरळ करण्याऐवजी तसंच तोलून धरायचं, हे माणसांनीच ठरवलं होतं. शिवाय लंडनचा 'कार्लटन टॅव्हर्न' २०१५ मध्ये विनापरवाना पाडला गेला होता, तो तसाच उभारून २०२१ मध्ये पुन्हा उघडला. तिथे पाडण्याआधी वारसातज्ज्ञांनी इमारतीच्या बारीक नोंदी घेऊन ठेवल्या होत्या. हिमलीत मुख्य भिस्त आहे ती लोकांनी वर्षानुवर्षं काढलेल्या फोटोंवर आणि ढिगाऱ्यातून वाचवलेल्या विटांवर.